रांगेतली माणसं: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मतदारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाच्या एका उपनगरात आम्हाला राहायला येऊन बरीच वर्षं झाली. इथली नागरिक झाल्यापासून दर निवडणुकीच्या आधी मी मतदार नोंदणीच्या टेबलावर बसते. कधी चर्चच्या आवारात, कधी ग्रंथालयाच्या दारात, कधी कॉलेजच्या अंगणात. मग गणपतीच्या कार्यक्रमात, दिवाळीच्या फराळाला किंवा नागपूरच्या नातेवाइकांच्या फोनवर त्याच त्या शंका ऐकू येतात. त्या इथे एकत्र केल्या आहेत. उत्तरं लहान-मोठी आहेत, कारण प्रश्नही तसेच आहेत.

“कृष्णवर्णीय” म्हणायचं, “ब्लॅक” म्हणायचं की “आफ्रिकन-अमेरिकन”?

तिन्ही चालतात. मराठी वर्तमानपत्रांत “कृष्णवर्णीय” रुळलाय, इथली माणसं बोलताना स्वतःला बहुतेक वेळा “ब्लॅक” म्हणवतात. चालत नाही ते आपल्या घराघरांत सर्रास कानावर पडणारं “काळू” आणि “कल्लू”. मुलं ते ऐकतात आणि शाळेत घेऊन जातात. हे मी मुद्दाम पहिल्याच उत्तरात लिहितेय, कारण ज्यांच्याविषयी पुढे बोलायचंय त्यांना आधी नीट हाक मारता आली पाहिजे.

“हे लोक मतदानच करत नाहीत” हे खरं आहे का?

नाही. २०१२ साली, ओबामांच्या दुसऱ्या निवडणुकीत, जनगणना विभागाच्या पाहणीनुसार सुमारे ६६ टक्के पात्र कृष्णवर्णीय नागरिकांनी मतदान केलं. गोऱ्या नागरिकांचं प्रमाण तेव्हा सुमारे ६४ टक्के होतं. २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांचा आकडा ६० च्या जरा खाली घसरला आणि २०२० मध्ये ६३ च्या आसपास गेला. म्हणजे हा समाज मतदान करतो, पण कधी भरभरून, कधी कमी. हे वर-खाली का होतं, हा खरा प्रश्न.

त्यातला एक भाग अगदी साधा आहे. भाड्यानं राहणारा माणूस वारंवार घर बदलतो आणि दर वेळी मतदार यादीतला पत्ता बदलावा लागतो. मतदान मंगळवारी असतं, आणि तासावर पगार घेणाऱ्याला त्या दिवशी सुटी मिळत नाही. तरुणांचं मतदान सगळ्याच समाजांत कमी असतं. यातलं काहीही कातडीच्या रंगामुळे घडत नाही, पण घर, नोकरी आणि पगार कुणाच्या वाट्याला कसा आला यामागे रंगाचा इतिहास आहे.

हक्क तर १८७० सालीच मिळाला होता ना? मग १९६५ च्या कायद्याची गरज का पडली?

पंधरावी घटनादुरुस्ती १८७० ची, हे बरोबर. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामगिरी यांवरून मताचा हक्क नाकारता येणार नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. पण यादवी युद्धानंतर दक्षिणेत राहिलेलं संघराज्याचं सैन्य १८७७ मध्ये बाजूला झालं आणि गोऱ्या सत्तेनं हळूहळू सगळं परत ओढून घेतलं.

त्यांनी “काळ्यांनी मत देऊ नये” असं कुठे लिहिलं नाही. घटनेनं ते करता येत नव्हतं. म्हणून त्यांनी दारात एकेक अडसर घातला. पहिला पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर आधी कर भरा. अलाबामात तो वर्षाला दीड डॉलर होता आणि मागची थकबाकी साचत जायची. वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या, सावकाराकडून उधारीवर जगणाऱ्या कुटुंबाला ती रक्कम कधीच फेडता यायची नाही. दुसरा अडसर साक्षरतेच्या परीक्षेचा. राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगायचा, आणि अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी कचेरीतला गोरा कारकून. गोरा अडाणी या परीक्षेत नापास होऊ नये म्हणून काही राज्यांनी “आजोबा कलम” आणलं: तुमचे आजोबा गुलामगिरी संपण्याच्या सुमाराच्या एका ठरावीक तारखेआधी मतदार असतील तर तुम्हाला परीक्षा माफ. गुलामाचा नातू त्यात कसा बसणार? तिसरा अडसर प्राथमिक निवडणुकीचा. दक्षिणेत एकाच पक्षाचं राज्य होतं, त्यामुळे खरा निकाल पक्षांतर्गत निवडणुकीतच लागायचा, आणि ती फक्त गोऱ्यांसाठी होती. सर्वोच्च न्यायालयानं ती १९४४ मध्ये बंद केली.

याचा परिणाम एका राज्याच्या आकड्यांत बघा. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

आपण भारतात १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत सरसकट सगळ्या प्रौढांना मत दिलं, शिकलेला असो वा नसो. त्याच वेळी मिसिसिपीच्या डेल्टात शिक्षकाची नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय माणसालाही नोंदणी कचेरीतून हात हलवत परत यावं लागत होतं. हे सांगितलं की आपल्याकडची मंडळी चकित होतात.

फॅनी लू हेमर यांचं नाव सतत का घेतलं जातं?

कारण कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांतलं अंतर त्यांनी चालून दाखवलं.

मिसिसिपीतल्या सनफ्लॉवर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) त्या एका मळ्यावर १८ वर्षं राबत होत्या. कापूस वेचायचा आणि इतरांच्या कामाचा हिशेब ठेवायचा. वयाच्या चव्वेचाळिशीपर्यंत त्यांना आपल्याला मत देता येतं हेच ठाऊक नव्हतं. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या आणि आणखी १७ जण एका बसनं इंडियानोला गावी नोंदणीला गेले. कारकुनानं त्यांच्यापुढे राज्यघटनेचं एक क्लिष्ट कलम ठेवलं. त्या नंतर सांगत, घोड्याला नाताळाविषयी जेवढं कळतं तेवढंच मला त्या कलमाविषयी कळत होतं. नापास. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग फारच पिवळा, शाळेच्या बससारखा दिसतो.

घरी पोचेपर्यंत मळेवाल्याला बातमी लागली होती. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असं त्यानं बजावलं. हेमर म्हणाल्या, “मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते.” त्याच रात्री त्यांना घर सोडावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांचं नाव नोंदलं गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की त्याचे परिणाम त्यांनी जन्मभर भोगले. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी हे सगळं कॅमेऱ्यांसमोर सांगितलं. लोकांचं लक्ष वळावं म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईनं पत्रकार परिषद बोलावली. पण वाहिन्यांनी हेमर यांची साक्ष रात्री पुन्हा दाखवली आणि देशानं ती ऐकली.

सेल्मात काय घडलं आणि कायद्यानं खरंच फरक पडला का?

अलाबामातल्या सेल्मा शहराच्या काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५,००० कृष्णवर्णीय होते, नोंदलेले जेमतेम ३००. ७ मार्च १९६५ ला राजधानी माँटगोमेरीकडे निघालेल्या मोर्चावर एडमंड पेटस पुलाच्या पलीकडे पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. जॉन लुइस यांची कवटी फुटली. ते पुढे अटलांटाचे खासदार म्हणून ३० हून अधिक वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, होते. ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायद्यावर सही झाली.

फरक पडला, आणि तो झटकन पडला. मिसिसिपीत १९६४ साली कृष्णवर्णीयांची नोंदणी ७ टक्क्यांच्याही खाली होती. १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या जवळ गेली. माणसं तीच, गावं तीच. दारातले अडसर तेवढे काढले. “उदासीनता” हा शब्द कुणी वापरला की मी हे दोन आकडे सांगते.

मग २०१३ मध्ये काय बदललं?

१९६५ च्या कायद्याचा कणा होता पूर्वपरवानगी. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांना मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. अगदी मतदान केंद्र हलवायचं असलं तरी. २५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी, ही राज्यं ठरवण्याचं सूत्र जुनं झालं म्हणून रद्द केलं. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की, आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यासारखं हे आहे.

टेक्सासनं त्याच दिवशी ओळखपत्राचा कडक कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनानं काही आठवड्यांत मुदतीआधीच्या मतदानाचे दिवस कमी केले. तो कायदा २०१६ मध्ये अपील न्यायालयानं रद्द केला आणि म्हटलं की, त्यातल्या तरतुदी कृष्णवर्णीय मतदारांवर “जवळपास शस्त्रक्रियेच्या अचूकतेनं” नेम धरतात.

आमच्या जॉर्जियातलं उदाहरण त्याहून लहान, पण मला जास्त बोलकं वाटतं. रँडॉल्फ काउंटी हा ग्रामीण भाग, बहुसंख्या कृष्णवर्णीयांची. २०१८ च्या उन्हाळ्यात तिथल्या ९ पैकी ७ मतदान केंद्रं बंद करायचा प्रस्ताव आला. केंद्रं बंद झाली असती तर गाडी नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना मैलोन्‌मैल जावं लागलं असतं. गावकरी सभांना आले, देशभर बोभाटा झाला, आणि काउंटीच्या निवडणूक मंडळानं मिनिटाभराच्या बैठकीत प्रस्ताव फेटाळला. पूर्वी हे काम कायदा करायचा, आता गावाला जागं राहावं लागतं.

मतदारसंघांच्या नकाशांचं भांडणही याच घरातलं. अलाबामात लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कृष्णवर्णीय असताना ७ पैकी एकाच जागेवर त्यांचा उमेदवार निवडून येऊ शकेल असा नकाशा होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो अमान्य ठरवला, आणि २०२४ मध्ये नव्या जागेवरून शोमारी फिगर्स निवडून आले. अशा नकाशांवरच्या कोर्टातल्या लढाया त्यानंतरही सुरूच राहिल्या.

जाता जाता एक. अलाबामातून जाणाऱ्या दक्षिणेतल्या एका पट्ट्याला “ब्लॅक बेल्ट” म्हणतात, ते मुळात माणसांवरून नव्हे, काळ्या मातीवरून. आपल्या वऱ्हाडासारखी काळी, कापसाची जमीन. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात इथला कापूस अडकला, तेव्हाच वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला धावू लागला होता.

भारतात बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचा अधिकारी, घरी येतो. तिथे यादीत नाव कसं येतं?

इथे आपल्यासारखा देशभराचा एक निवडणूक आयोग नाही. निवडणुका राज्यं आणि काउंट्या घेतात आणि नोंदणी ही मुळात मतदाराची जबाबदारी. १९९३ च्या केंद्रीय कायद्यानं वाहन परवाना काढतानाच नोंदणीची सोय करावी लागली. जॉर्जियात २०१६ पासून ती परवान्याबरोबर आपोआप होते, नको असेल तर तसं सांगायचं. याचा इथे मोठा फायदा झाला.

पण नाव येतं तसं जातंही. जुलै २०१७ मध्ये जॉर्जियाच्या यादीतून एका झटक्यात पाच लाखांहून जास्त नावं कमी झाली. काही मयत, काही स्थलांतरित, आणि बरीच अशी की ज्यांनी काही निवडणुकांत मत दिलं नव्हतं आणि पाठवलेल्या कार्डाला उत्तर दिलं नव्हतं. म्हणून टेबलावर मी कुणालाही “नोंदणी आहे का?” असं विचारत नाही. “फोनवर आत्ता बघू या का?” असं विचारते. निम्म्या लोकांना वाटतं नाव आहे, आणि पत्ता मात्र दोन घरांपूर्वीचा निघतो.

ओळखपत्र दाखवायला काय हरकत आहे? आपण नाही का दाखवत?

हा प्रश्न आपल्या लोकांकडून सगळ्यात जास्त येतो, आणि तो प्रामाणिक असतो. भारतात मतदार ओळखपत्र सरकार फुकट देतं, ते नसलं तरी दुसरी अनेक कागदपत्रं चालतात. इथे भांडण असतं कोणतं कार्ड चालेल यावर. टेक्सासच्या त्या कायद्यात बंदुकीचा परवाना चालत होता, सरकारी विद्यापीठाचं विद्यार्थी ओळखपत्र चालत नव्हतं. अलाबामानं फोटो ओळखपत्र सक्तीचं केल्यावर २०१५ मध्ये वाहन परवान्याची ३१ कार्यालयं बंद करायचं जाहीर केलं, त्यांतली बरीच ब्लॅक बेल्टमधली. ओरड झाल्यावर काही अंशी माघार घेतली. शिवाय दक्षिणेतल्या कितीतरी वयस्क कृष्णवर्णीयांचा जन्म सुईणीच्या हातून घरीच झाला, त्यांच्याकडे जन्मदाखला नाही, आणि दाखल्याशिवाय कार्ड नाही. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रांगा इतक्या लांब का असतात?

२०१६ च्या निवडणुकीत मोबाइल फोनच्या जागेच्या नोंदी वापरून अभ्यासकांनी प्रतीक्षेचा वेळ मोजला होता. पूर्ण कृष्णवर्णीय वस्तीतल्या मतदारांना पूर्ण गोऱ्या वस्तीतल्यांपेक्षा २९ टक्के जास्त वेळ उभं राहावं लागलं. केंद्रं कमी, यंत्रं कमी, कर्मचारी कमी.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुदतीआधीच्या मतदानाच्या पहिल्या दिवशी मी स्वतः पाच तास रांगेत होते. माझ्यापुढे सत्तरीच्या एक बाई होत्या, गुडघ्याला पट्टा, हातात घडीची खुर्ची. रांग चार पावलं सरकली की खुर्ची उचलायच्या, मांडायच्या, बसायच्या. मी म्हटलं, ज्येष्ठांसाठी वेगळी सोय असते, पुढे जाऊन विचारू का? त्या म्हणाल्या, राहू दे. त्यांची आई अलाबामात पोल टॅक्स भरायची आणि ती पावती पिठाच्या डब्यामागे जपून ठेवायची, कारण पावती हरवली तर मत गेलं. बाहेर आल्यावर त्यांनी मत दिल्याचा, पीचचं चित्र असलेला स्टिकर कोटावर लावला आणि माझ्याही कोटावर दाबून बसवला.

२०२१ च्या कायद्यानं जॉर्जियात मतदान केंद्राजवळच्या रांगेत स्वयंसेवकानं पाण्याची बाटली देणं गुन्हा ठरवलं. नंतर न्यायालयानं त्याच्या काही भागाला स्थगिती दिली. रांगेतल्या माणसाला पाणी न देणं हे आपल्या संस्कारात बसत नाही, इथल्या कुणाच्याच बसत नाही.

तुरुंगात जाऊन आलेल्यांना मत देता येतं का?

राज्याप्रमाणे नियम बदलतो. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातूनही देता येतं. जॉर्जियात शिक्षा, पॅरोल आणि प्रोबेशन संपल्यावर. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये सुमारे ६४ टक्के मतांनी सुमारे १४ लाख लोकांचा हक्क परत दिला, पण पुढच्याच वर्षी विधिमंडळानं दंड आणि कोर्टाची फी भरल्याशिवाय तो मिळणार नाही अशी अट घातली. किती भरायचंय हे सांगणारी एकच नोंदवही राज्याकडे नव्हती. मला यात पोल टॅक्स दिसतो. दक्षिणेत कितीतरी लोकांना शिक्षा संपून वर्षं झाली तरी आपला हक्क परत आलाय हे माहीतच नसतं. हे सांगणं हे टेबलावरचं सगळ्यात समाधानाचं काम.

सगळे डेमोक्रॅटिक पक्षालाच मत देतात ना?

बहुसंख्य देतात, अलीकडे दर १० पैकी ८ हून जास्त. पण लिंकनच्या काळापासून रूझवेल्टपर्यंत हा समाज रिपब्लिकन होता. १९३६ ला मोठा गट फिरला. १९६४ ला रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं तेव्हा उरलेलेही गेले. चर्चला जाणारी आजी, सैन्यातून निवृत्त झालेला काका आणि कॉलेजातली नात यांची मतं एका घरात तीन असतात. २०२४ मध्ये तरुण पुरुषांचा काही हिस्सा ट्रम्प यांच्याकडे गेला. गठ्ठा मतांचा एक तोटा असा की एक पक्ष त्यांना खिशातलं धरतो आणि दुसरा विचारतच नाही. दारावर दोघंही येत नाहीत.

स्थानिक निवडणुकांना इतकं महत्त्व का?

कारण इथे शेरीफ (काउंटीचा पोलिसप्रमुख), सरकारी वकील, अनेक राज्यांत न्यायाधीश आणि शाळा मंडळ हे सगळे निवडून येतात. कुणाला अटक होणार, कुणावर खटला चालणार, मुलाला शाळेतून काढणार की समजावणार, हे ही माणसं ठरवतात.

मिसुरीतलं फर्ग्युसन बघा. लोकसंख्येत दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. ऑगस्ट २०१४ मध्ये मायकल ब्राउन या १८ वर्षांच्या मुलाला पोलिसानं गोळी घातली, तेव्हा ६ जणांच्या नगर परिषदेत एकच कृष्णवर्णीय सदस्य होता आणि ५३ पोलिसांत तिघे. असं कसं? निवडणुका एप्रिलमध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीपासून लांब. एप्रिल २०१३ ला जेमतेम १२ टक्के मतदान झालं होतं. दरम्यान पालिका गवत वाढलं, गाडीचा दिवा फुटला म्हणून दंड वसूल करून तिजोरी भरत होती. न्याय विभागाच्या २०१५ च्या अहवालात ते सगळं आलं.

एप्रिल २०१५ ला मतदान ३० टक्क्यांच्या आसपास गेलं आणि परिषदेत ६ पैकी ३ कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्यांतले वेस्ली बेल २०१८ मध्ये काउंटीचे मुख्य सरकारी वकील झाले. मायकल ब्राउन प्रकरण हाताळणाऱ्या, अनेक वर्षं त्या जागी बसलेल्या वकिलांना त्यांनी हरवलं. २०२० मध्ये एला जोन्स शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौर झाल्या. “माझ्या एका मतानं काय होणार?” असं कुणी विचारलं की मी वॉशिंग्टनचं नाव काढत नाही, फर्ग्युसनचं सांगते.

मतदान वाढवण्यासाठी नेमकं काय कामी येतं?

ओळखीच्या माणसानं समोर येऊन विचारणं. बाकी सगळं त्यानंतर.

१९५० च्या दशकात साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर ईसॉ जेनकिन्स रोज मजुरांना बसनं चार्ल्सटनला कामाला न्यायचे. त्या प्रवासात ते त्यांना राज्यघटनेचं ते परीक्षेचं कलम शिकवायचे. त्यातून शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी १९५७ मध्ये एका दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू केला. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, व्यवसायानं केशभूषाकार. पाठ्यपुस्तक नव्हतं. लोकांना काय शिकायचंय हे त्यांनी आधी विचारलं. कुणाला सही करायची होती, कुणाला लेकाचं पत्र वाचायचं होतं, कुणाला कॅटलॉगमधून सामान मागवायचं होतं. त्यातच नोंदणीचा अर्ज. असे वर्ग पुढे दक्षिणभर निघाले.

१९९८ साली येलच्या दोन अभ्यासकांनी न्यू हेवनमध्ये प्रयोग केला. दारावर जाऊन बोलल्यावर मतदान जवळपास ८-९ टक्क्यांनी वाढलं, भाडोत्री फोनवाल्यांच्या फोननं काहीच नाही. जेनकिन्सना हे चाळीस वर्षं आधी माहीत होतं.

आज हेच काम चर्च, केशकर्तनालयं, ब्लॅक कॉलेजं आणि अल्फा कप्पा अल्फा, डेल्टा सिग्मा थीटा यांसारख्या शंभरीपार गेलेल्या महिला संघटना करतात. रविवारची प्रार्थना झाली की सगळे मिळून मतदानाला जायचं, ही “सोल्स टू द पोल्स” प्रथा. आषाढीला दिंडी निघते तसं वाटतं मला ते, गाणी म्हणत जाणारे लोक. लटोशा ब्राउन आणि क्लिफ ऑलब्राइट यांची ब्लॅक व्होटर्स मॅटर ही संस्था लहान गावांतल्या स्थानिक गटांना बस, पैसा आणि माणसं पुरवते, तीही निवडणूक नसलेल्या वर्षांत. हे शेवटचं सगळ्यात मोलाचं. ऑक्टोबरमध्ये उगवणारा आणि नोव्हेंबरमध्ये मावळणारा कार्यकर्ता लोक लगेच ओळखतात.

काय टाळावं?

उपदेश. “तुमच्या पूर्वजांनी रक्त सांडलं आणि तुम्ही घरी बसता” असं परक्यानं दारात उभं राहून म्हणू नये, तो हक्क घरातल्यांचा. मत देण्याबद्दल कोणतीही वस्तू किंवा पैसे देऊ नका, तो केंद्रीय गुन्हा आहे. अफवा पुढे ढकलू नका. २०२० मध्ये डेट्रॉइटसारख्या शहरांत रेकॉर्ड केलेले फोन आले होते की टपालानं मत दिलं तर तुमची माहिती पोलिसांना आणि वसुलीवाल्यांना जाईल. ते खोटं होतं आणि फोन करवणाऱ्यांवर खटले चालले.

डेट्रॉइटमधून श्री ठाणेदार निवडून आले, त्याचा आनंद मानायचा ना?

बेळगावचा मराठी माणूस काँग्रेसमध्ये गेला याचा अभिमान मलाही वाटला. पण दुसरी बाजूही माहीत हवी. डेट्रॉइटमध्ये चारांतले तिघे कृष्णवर्णीय, आणि २०२२ च्या त्या निकालानं जवळपास ७० वर्षांत पहिल्यांदा शहराला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. पक्षांतर्गत प्रायमरीत नऊ उमेदवार होते, मतं फुटली, ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. २०२४ ला ते पुन्हा आले. यात त्यांनी काही गैर केलं नाही, लोकांनीच निवडलं. तरी तिथल्या जुन्या मतदाराला काय हरवल्यासारखं वाटलं असेल, हे आपण समजून घ्यावं एवढंच माझं म्हणणं.

मराठी माणसाचा या सगळ्याशी संबंध काय?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये “गुलामगिरी” अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं. आणि आमच्यासारख्यांचं इथे असणंच बघा. मतदान हक्क कायद्यावर सही झाली ऑगस्ट १९६५ मध्ये, आणि भारतीयांना दार उघडणाऱ्या नव्या स्थलांतर कायद्यावर ३ ऑक्टोबर १९६५ ला. दोन्ही त्याच चळवळीच्या रेट्यातून आले. सेल्माच्या पुलावर मार खाल्लेल्यांनी आमच्या व्हिसाची वाट मोकळी केली.

आम्ही ग्रीन कार्डवर किंवा एच-१बी वर आहोत. काय करू शकतो?

आधी काय करायचं नाही ते: नाव नोंदवू नका, मत देऊ नका. वाहन परवान्याच्या अर्जात नोंदणीची चौकट असते, ती चुकून भरली तर पुढे नागरिकत्व अडकतं, देश सोडावा लागू शकतो. एच-१बी वाल्यांनी प्रचाराला देणगीही देऊ नये, ग्रीन कार्डवाल्यांना ती देता येते. नोंदणी मोहिमेत कुणी काम करावं याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, आधी विचारा. पण शेजारच्या आजींना गाडीतून मतदान केंद्रावर सोडायला, रांगेतल्या आईचं बाळ घरी सांभाळायला, शाळा मंडळाच्या खुल्या सभेला जाऊन बसायला नागरिकत्व लागत नाही.

मतदानाच्या दिवशी यादीत नाव सापडलं नाही तर?

परत जाऊ नका. आधी काउंटी बरोबर आहे का, केंद्र बदललंय का, हे बघायला सांगा. तरीही नाव नसेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे पडताळणीनंतर मोजली जाणारी, मतपत्रिका मागा, २००२ च्या केंद्रीय कायद्यानं तो तुमचा हक्क आहे. नंतर किती दिवसांत कोणता कागद दाखवायचा हे लिहून घ्या आणि पावती सांभाळा. दिसत नसेल, वाचता येत नसेल, तर मदतीला आपलं माणूस आत नेता येतं, फक्त ते तुमचे मालक किंवा युनियनचे पदाधिकारी नकोत. जॉर्जियात केंद्र संध्याकाळी ७ वाजता बंद होतं. ७ ला तुम्ही रांगेत असाल तर तुमचं मत घेतलंच पाहिजे, नंबर रात्री ९ ला लागला तरी. सोबत पाणी, फोनचा चार्जर आणि जमलं तर घडीची खुर्ची ठेवा.